ताऱ्यांच्या साक्षीनें फटींची जुळणी

हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवासारख्या ठिकाणीं माघ महिन्यांतील रात्रीं अंगणांत उभें राहून दक्षिणेकडे मान उंचावली, म्हणजे मृग नक्षत्राच्या पोटांतील बाणाचे तीन तारे ओळखण्यास कोणासही कष्ट पडत नाहींत. ते जागच्या जागीं स्थिर भासतात. परंतु तासाभरानें पुन्हा पाहावें, तों ते सुमारें पंधरा अंश पश्चिमेकडे गेलेले असतात. अंशाचा साठावा भाग ती कला आणि कलेचा साठावा भाग ती विकला. या मापानें हे तारे दर सेकंदास पंधरा विकला चालतात. साध्या डोळ्यास या गतीची जाणीवही होत नाहीं. दुर्बिणीच्या मागें बसविलेल्या एका अरुंद फटीस मात्र हिच्याइतका मोठा शत्रु दुसरा नाहीं.

ही फट कशासाठीं असते? ताऱ्याचा प्रकाश पृथक् करून त्याचा वर्णपट घेतला, तर त्यांतील रेषांवरून ताऱ्यांत कोणतीं मूलद्रव्यें आहेत, किंवा एखादी दीर्घिका किती वेगानें दूर जात आहे, हें सांगतां येतें. प्रकाश ज्या फटींतून आंत घ्यावयाचा ती रुंद ठेवली, तर आकाशाचा आगंतुक प्रकाश आंत शिरतो आणि रेषा पसरट होतात. म्हणून फटीची रुंदी बहुधा एक-दीड विकलाच ठेवतात. दुर्बीण आकाशाबरोबर फिरविली नाहीं, तर मृगाचा तारा एक विकला रुंदीची फट सेकंदाच्या पंधराव्या भागांतच ओलांडून जाईल!

महाराष्ट्रांत या प्रकारचे वेध जुन्नरजवळच्या गिरवली येथें घेतले जातात. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या, आणि जयंत नारळीकर ज्या संस्थेचे पहिले संचालक होते त्या ‘आयुका’ची दोन मीटर व्यासाची दुर्बीण तेथें २००६ सालीं सुरू झाली. एकाच ताऱ्याचा वर्णपट घ्यावयाचा असेल तर एक फट पुरते. परंतु दीर्घिकांच्या समूहांतील पन्नास अंधुक सभासदांची तपासणी करावयाची असेल, तर एकेक करीत रात्रीमागून रात्री खर्ची पडतील. यावर तोडगा म्हणून पातळ तक्त्यांत प्रत्येक दीर्घिकेच्या नेमक्या जागीं एकेक फट कापतात. या तक्त्यास ‘स्लिट-मास्क’, म्हणजे फटींचा मुखवटा, असें नांव आहे. त्यायोगें पन्नास वर्णपट एकाच वेळीं हातीं येतात.

आयुका जिच्या भागीदारांपैकीं एक आहे, त्या दक्षिण आफ्रिकेंतील ‘सॉल्ट’ दुर्बिणीवर असे मुखवटे वापरले जातात. सदरलँड येथील या दुर्बिणीचें उद्घाटन २००५ सालीं झालें. तिचा मुख्य आरसा ९१ षट्कोनी तुकड्यांचा आहे. तिचे मुखवटे कार्बन-तंतूंच्या तक्त्यांतून लेसर-किरणांनीं कापतात. आकाशांतील एक विकला त्या तक्त्यावर पाव मिलिमीटरहूनही थोडी कमी भरते. इतक्या सूक्ष्म फटींवर इतक्या दूरच्या दीर्घिका आणून बसवावयाच्या कशा?

दीर्घिका स्वतः फार अंधुक असल्यामुळें त्यांच्यावरून जुळणी करतां येत नाहीं. म्हणून मुखवट्यांत फटींखेरीज कांहीं चौकोनी खिडक्या ठेवून, प्रत्येकींत एक तेजस्वी तारा यावा अशी योजना करतात. मुखवट्यांतून छायाचित्र घेतलें म्हणजे तारे खिडक्यांच्या मध्यापासून थोडे ढळलेले दिसतात. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, प्रत्येक ताऱ्याचा मध्यबिंदु काढून हें अंतर मोजते. तिला तीन गोष्टी शोधावयाच्या असतात: दोन दिशांचें सरकणें आणि एक फिरणें. फिरण्याची चूक क्षुद्र मानून चालत नाहीं. मध्यापासून चार कला दूर असलेल्या फटीपाशीं अंशाच्या दहाव्या भागाची चूकही ०.४ विकलेहून अधिक भरते.

प्रत्येक तारा दोन मोजमापें देतो; तेव्हां गणितापुरते दोन तारे पुरेसे आहेत. पण साक्षीदारांपैकीं एक खोटा निघाला तर? तारेही आपापल्या गतीनें सरकत असतात. वर्षास विकलेचा विसावा भाग चालणारा तारा, वीस वर्षांपूर्वींच्या यादींतील आपल्या जागेपासून पूर्ण एक विकला ढळलेला असतो. म्हणून चार-पांच तारे घेऊन, लझांद्र यानें १८०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या लघुतम-वर्ग पद्धतीनें सर्वांशीं जास्तींत जास्त मिळतें असें उत्तर काढतात, आणि जो तारा इतरांशीं विसंगत ठरेल त्यास वगळतात. २०१३ सालीं अवकाशांत गेलेल्या ‘गाया’ यानानें ताऱ्यांच्या जागांबरोबर त्यांच्या गतीही मोजल्यामुळें हें काम पुष्कळ सुकर झालें आहे.

जुळणी झाली तरी ती टिकवावी लागते. वारा, यंत्राची सूक्ष्म चूक, वातावरणांतून येतांना वांकणारा प्रकाश, यांमुळें दुर्बीण ढळूं लागते. त्यासाठीं दुसरा एक कॅमेरा क्षेत्राच्या कडेच्या मार्गदर्शक ताऱ्यावर सारखी नजर ठेवतो; तो तारा ढळला कीं आज्ञावली दुर्बिणीस तितकेंच मागें आणते. खिडक्यांतील तारे जागा सांगतात; मार्गदर्शक तारा ती जागा सोडूं देत नाहीं.

एवढ्या खटाटोपाचें कारण असें कीं, येथील चूक ओरडून सांगत नाहीं. मुखवटा अर्धी विकला सरकला तरी वर्णपट येतोच. फक्त तो फिका येतो, आणि दीर्घिकाच मूळची निस्तेज असावी असा समज होतो. कोट्यवधि वर्षें प्रवास करून आलेला प्रकाश फटीशेजारच्या तक्त्यावर पडून व्यर्थ जातो. शिवाय ‘सॉल्ट’चा आरसा वेधाच्या काळांत जागचा हालत नाहीं, वरचें उपकरण ताऱ्यामागें सरकतें. त्यामुळें बहुतेक ज्योति एका वेळीं एक-दोन तासच सांपडतात, आणि जुळणींत गेलेलें प्रत्येक मिनिट त्यांतूनच वजा होतें.

आज्ञावली चलाख असली तरी तिला साक्षीदार पुरविणें माणसाच्याच हातीं आहे. निवडलेले तारे क्षेत्राच्या एकाच कोपऱ्यांत दाटलेले असतील, तर फिरण्याची चूक तिलाही नीट पकडतां येत नाहीं. ते चहूंकडे विखुरलेले असावे लागतात. म्हणून त्या रात्रीचें यश बरेंचसें मुखवटा कापण्यापूर्वींच, मेजावर बसून केलेल्या ताऱ्यांच्या निवडीवर अवलंबून असतें.