आधी झटका, मग पुसा!

सोयाबीनचा हंगाम आला की शेलूबाजारच्या शिवारात थ्रेशर धडधडतो, कुटार उडतं आणि खिशातल्या मोबाइलवर मातकट साय धरते. मग काय, खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक धरायचं आणि खसाखसा घासायचं! घोटाळा तिथंच होतो. धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ वर आणि मोबाइलची काच साधारण ६ च्या आसपास. ओरखडा पाडतो तो दुपट्टा नव्हे, त्यात दडलेला कण. मोबाइल आधी उलटा करून झटका, मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवर फोटोसह पिकाची नोंद, सुरू झाली आणि मोबाइल रीतसर बांधावर आला. तुरीचा फोटो धुरकट निघाला, तर ॲपला शिव्या घालण्याआधी कॅमेऱ्यावरचा अंगठ्याचा ठसा पुसून बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतील, असा आमचा अंदाज!

नव्या मोबाइलवर बोट कसं सरसर पळतं? काचेवर तेल-घाम टिकू न देणारा अतिपातळ थर असतो. २००९ च्या आयफोन ३जीएसपासून ही चैन गाजली. वापरानं तो झिजतोच; ओरखडे घालवायला टूथपेस्ट चोळणारे ते काम लवकर उरकतात. ओरखडा जागेवर, थर मात्र गायब.

मोबाइलवर टफन काच लावताना दुकानदार दोन पुड्या फोडतो, आठवतं? १ नंबरची ओली, २ नंबरची कोरडी. ओलीत बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. कोरोनाच्या धास्तीत, मार्च २०२० मध्ये, ॲपलनंही ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सना हिरवा कंदील दाखवला. ब्लीचला मात्र साफ नकार. हाताचं जेल सॅनिटायझर नकोच, त्यातल्या ग्लिसरीनसारख्या पदार्थांचे ओघळ काचेवर राहतात. आणि काहीही थेट स्क्रीनवर फवारू नका. फवारणी पिकावर, इथं फडकं किंचित ओलं केलं की भागतं.

पुसताना मोबाइल बंद असू द्या. बोटातून होणारा विजेच्या भाराचा सूक्ष्म बदल स्क्रीन टिपते. पाण्याचे थेंबही तिला चकवतात. चालू मोबाइल पुसता पुसता व्याह्याला व्हिडिओ कॉल लागला, तर निस्तरा! शिवाय काळ्या काचेवर डाग चटकन दिसतात.

पोरांसाठी एक गंमत: पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा एक इवलासा थेंब ठेवून निरखा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्यात लपलेले लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. थेंब लगेच टिपा, कडेच्या फटीत जाऊ देऊ नका.

गेलाच, तर मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसू नका. २०२४ मध्ये ॲपलनं हा उपाय नको म्हणून स्पष्ट सांगितलं. तांदळाचे कण आत शिरतात. चार्जिंगचं तोंड खाली धरून हलके ठोका आणि हवेशीर जागी वाळू द्या. तेवढा वेळ व्हॉट्सॲपविना काढायचा, हाच काय तो अवघड भाग.