टीव्ही खिशात आला, आजी मात्र एकटी पडली!

२ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झाले, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. हिंगणघाटच्या आमच्या मोहल्ल्यात एकच टीव्ही. रविवारी सकाळी चटई धरायला आम्ही मुले धावायचो. एक जण छपरावर चढून अँटेना फिरवायचा. भाग संपला की मोठी माणसे तासभर वाद घालायची. आम्ही पाहायला जेवढे शिकलो, त्याहून जास्त त्या वादातून शिकलो.

१८ मे २०१९ ला, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. जिनिंगमध्ये उभी हयात घालविलेली माझी आई रोज टीव्हीसमोर हात जोडून बसायची. एका रात्री वीज गेली. चुकलेला भाग मोबाईलवर मिळतो, हे तिला नातवाकडून कळले.

“लावून दे न बापा.”

“थांब न आजी, माझं संपू दे.”

त्याचे संपेपर्यंत ती झोपून गेली.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. रात्रपाळीच्या कामगाराला, भांडीकुंडी आटोपणाऱ्या बाईला आपल्या सवडीने मालिका पाहता येते. पण घरात चार माणसे, चार पडदे आणि कानात बोंडे! एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. विचार करायला उसंतच नाही. आणि जिला अक्षरओळख नाही, त्या माउलीसाठी मोबाईल म्हणजे कुलूपबंद कपाट. किल्ली दुसऱ्याच्या हाती!

आम्ही घरात एक नियम केला. रविवारी संध्याकाळी मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि सर्वांनी मिळून एकच भाग पाहायचा. सुरुवात श्याम बेनेगल यांच्या ‘संविधान’ने केली. २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर दाखविलेली ही दहा भागांची मालिका यूट्यूबवर विनामूल्य आहे. बाबासाहेबांची भूमिका सचिन खेडेकर यांनी केली आहे. हिंदी अवघड गेले की नातू आजीला अर्थ सांगतो. संविधान सभेतील वादविवाद पाहून आई म्हणाली, “एवढं भांडून लिहिलं का हे?” त्या रात्री घरात जेवण थंड झाले, पण चर्चा थांबली नाही.

वाचकहो, मोबाईल फेकून देऊ नका. आठवड्यातून एक तास तो घराच्या मधोमध ठेवा. आणि काय पाहायचे, हे एखाद्या रविवारी आजीला विचारा.