दस्तरखानावर स्टेक पास्ता

लेकीची बारावीची परीक्षा आणि रमजान यंदा एकत्रच आले. पहाटे सहरीला उठायचं, फज्रची नमाज झाली की फिजिक्सचं पुस्तक उघडायचं, अकरा वाजता पेपर, आणि दुपारी कोरड्या तोंडानं घरी यायचं. तिनं एकदाही कुरकूर केली नाही. फक्त एक गोष्ट मागून घेतली. ''शेवटच्या पेपरच्या दिवशी जेवायला स्टेक पास्ता. क्रीमवाला, तिखट. आणि मागवलेला नाही हं अम्मी, घरी केलेला.''

मी कॉलेजात मराठी शिकवते. 'क्रीमवाला तिखट स्टेक पास्ता' या चार शब्दांत माझ्या विषयातला शब्द एकच, तिखट. तो आम्हा अकोल्याच्या लोकांना शिकवावा लागत नाही. बाकीच्या तिन्हींची माहिती मोबाईलवरून लेकीनंच मला दिली.

खरं तर रमजानात आमच्या घरातली अडचण वेगळीच होती. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना दादीअम्मी म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. साठाहून जास्त रमजान त्यांनी पूर्ण रोजे ठेवले. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हातलेही. गेल्या वर्षी साखर वाढली, इन्सुलिन सुरू झालं, आणि यंदा शाबानच्या महिन्यातच डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं की आता रोजा नाही. कुराणात आजारी माणसाला सवलत आहे, बदल्यात गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदया म्हणतात. दादीअम्मींनी पहिल्याच आठवड्यात फिदया देऊन टाकला. पण मन मानेना. दुपारी गोळी घेऊन दोन घास खायचे असत, तर त्या आतल्या खोलीचा पडदा ओढून, पाठ करून बसत. संध्याकाळी दस्तरखानावर सगळे अजानची वाट बघत असताना त्या एका कडेला सरकून बसायच्या. खजूर पुढे केली तर म्हणायच्या, ''मेरा क्या, मैं तो खाई हुई हूँ.''

असो, पास्त्याकडे येते.

स्टेक म्हणजे मांसाचा जाड, सपाट तुकडा, कडक तापलेल्या तव्यावर झटपट भाजलेला. अमेरिका-युरोपात तो बहुधा बैल-गाईचा असतो. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीवर जुनी बंदी आहे, बैलाच्या कत्तलीवर २०१५ पासून. पण आमच्या घरात हा प्रश्नच आला नाही, आम्ही पिढ्यान् पिढ्या बकऱ्याचंच मटण खातो. मी खाटिकाकडे जाऊन 'स्टेकसाठी द्या' म्हटलं, तर त्यानं माझ्याकडे विद्यार्थी पहिल्या तासाला बघतात तसं बघितलं. मग घरी विचारून आले आणि म्हटलं, ''रान के पसंदे.'' दोन मिनिटांत अर्धा इंच जाडीचे सुंदर काप समोर. पसंदे म्हणजे मागच्या मांडीचे, हाड काढून, रेषेच्या आडवे कापलेले चपटे तुकडे. मुघलाई स्वयंपाकात ते केव्हापासून आहेत, फक्त त्यांना आपण स्टेक म्हणत नव्हतो. (मराठीत रान म्हणजे जंगल, उर्दूत रान म्हणजे मांडी. 'रान भाजून खाल्लं' हे वाक्य मी वर्गात बोलले तर काय होईल, हा विचार मनात येतोच.)

पहिली तालीम रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात केली आणि ती साफ फसली. का फसली ते सविस्तर सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांकडे ती अशीच फसत असणार.

एक तर मीठ. मटणाला मीठ लावलेलं. पास्ता उकळायच्या पाण्यात मीठ घातलेलं. हाडांची यखनी काढली होती, तिच्यात मीठ, आणि ती आटवल्यावर ते आणखी तीव्र झालं. वरून चीज, ते मुळातच खारट. चार बाजूंनी मीठ येत होतं आणि चाखणारं कोणी नव्हतं, कारण स्वयंपाकघरात मी रोजेदार, लेक रोजेदार. गरजच असेल तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायची मुभा फिकहच्या पुस्तकांत आहे, पण माझं मन धजत नाही. रोजच्या आमटी-सालनाचा अंदाज हाताला असतो, वासावरून मीठ कळतं. या परदेशी पाहुण्याचा वास मला ओळखीचा नव्हता.

दुसरं, क्रीम फाटलं. बाजारात पाकिटात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो. परदेशी पाककृतींत जे घट्ट क्रीम वापरतात त्यात पस्तीस टक्क्यांच्या पुढे. जास्त स्निग्धांशाचं क्रीम उकळी सोसतं, आपलं सोसत नाही. त्यात मी सवयीनं वरून लिंबू पिळलं. व्हायचं तेच झालं, तूप एकीकडे, दाणेदार पाणी एकीकडे. मुलांनी गुपचूप खाल्लं. मुलं गुपचूप खातात तेव्हा समजावं.

त्या रात्री तरावीहनंतर मी ताटं घासत होते, दादीअम्मी मागे येऊन उभ्या राहिल्या. कढईच्या तळाला राहिलेला पास्त्याचा एक तुकडा त्यांनी उचलून उजेडात धरला. नळीसारखा पेन्ने होता. म्हणाल्या, ''दुल्हन, ये तो सरगुंडे हैं.''

वीस वर्षं झाली, मी अजून दुल्हनच आहे. पण सरगुंडे! वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. गव्हाचं घट्ट पीठ काडीवर गुंडाळून, सोडवून, उन्हात वाळवायचं आणि आंब्याच्या रसासोबत खायचं. दादीअम्मींचं माहेर मूर्तिजापूरकडचं. चैत्र लागला की गल्लीतल्या सगळ्या बाया, हिंदू-मुसलमान, एकीच्या अंगणात जमत. पाटावर शेवया वळायच्या, काड्यांवर सरगुंडे, बोटांनी नखुले आणि मालत्या. आमच्या शेवया ईदच्या शीरखुर्म्याला जात, त्यांच्या शेवया लग्नाच्या रुखवतात. पीठ मात्र सगळ्यांचं एकाच परातीत मळलेलं. पास्ता उत्तम लागतो तो ज्या कडक ड्यूरम गव्हाचा, तोही आपल्याला नवा नाही. बन्सी गहू म्हणतात तो हाच. बन्सी रव्याचा शिरा मोकळा होतो आणि ड्यूरमचा पास्ता उकळल्यावर गिचका होत नाही, दोन्हींचं कारण एकच.

मग मी जरा पुस्तकं चाळली, मास्तरणीची खोड. मार्को पोलोनं चीनहून इटलीत पास्ता आणला, असं आपण ऐकत आलो आहोत. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रीसी या अरब भूगोलतज्ज्ञानं सिसिली बेटावरच्या त्राबिया गावाचं वर्णन लिहिलंय. तिथं 'इत्रिया' नावाच्या पिठाच्या शेवया एवढ्या प्रमाणात होत, की त्या जहाजांतून मुसलमान आणि ख्रिस्ती दोन्ही मुलुखांत जात. आणि हे पुस्तक त्यानं लिहिलं कुणासाठी? सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्यासाठी, त्याच्या पदरी राहून. क्रीमचं मात्र इटलीवाल्यांवर ढकलू नये. रोमच्या प्रसिद्ध आल्फ्रेडोचा मूळ पास्ता लोणी आणि चीज एवढ्यावरच होता. त्यात क्रीम ओतलं ते अमेरिकेनं. आणि वर स्टेक ठेवला तोही तिकडच्याच घरांनी. तेव्हा आम्ही त्यात भिवापुरी मिरची घातली तर कुणाचा अपमान होणार नाही.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी असरच्या नमाजेनंतर कामाला लागले. पाच जणांसाठी सहाशे ग्रॅम पसंदे. त्यांना सालासकट वाटलेली कच्ची पपई दोन छोटे चमचे, आलं-लसूण, भरडलेली मिरी आणि अगदी थोडं मीठ. पपई तासभरच ठेवायची. जास्त वेळ ठेवली तर मांस वरून पिठूळ होतं. तव्यावर टाकण्याआधी फडक्यानं पुसून कोरडं करायचं, हे फार महत्त्वाचं. ओलं मांस भाजत नाही, वाफेवर शिजतं आणि करडं दिसतं. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवला, तेलाचा हात फिरवला, एका वेळी तीनच तुकडे. दोन-अडीच मिनिटं हात लावायचा नाही. मग उलटायचं. आत गुलाबी ठेवायची तिकडची पद्धत आम्हाला झेपत नाही, म्हणून आच कमी करून आणखी तीन-चार मिनिटं. नंतर ताटात काढून झाकून ठेवायचं आणि लगेच कापायचं नाही. रस आत मुरतो. ताटात जो थोडा सुटेल तो टाकू नये, सॉसमध्ये घालावा.

तव्याच्या तळाला जे तांबूस खरवडण चिकटलं असतं, त्यातच खरी चव. पाककृतींत ते वाईन ओतून सोडवतात. आमच्याकडे त्याच रानेच्या हाडांची कपभर यखनी, या वेळी बिनमिठाची. ते सगळं कढईत ओतून घेतलं. लोणी, दहा पाकळ्या लसूण, बियांसकट भरडलेल्या सहा भिवापुरी मिरच्या, यखनी, ती निम्मी आटली की गॅस अगदी मंद करून क्रीमचं पाकीट. उकळी नाही. लिंबू तर नाहीच.

आणि इथं मी वाटी घेऊन आतल्या खोलीत गेले. पडदा ओढलेला होता. म्हटलं, ''दादीअम्मी, चाखून सांगा. घरात तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.''

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग काठी घेऊन उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात आल्या. स्टूल मागितलं. पहिला चमचा, ''नमक नहीं है.'' चिमूटभर घातलं. दुसरा चमचा, ''अब चीज डालो, फिर बताती हूँ.'' चीजनंतर तिसरा. ''बस. नमक को हाथ मत लगाना.'' मिरची मात्र त्यांना कमी वाटली. ''बच्ची ने तीखा बोला था ना?'' आणखी दोन मिरच्या भरडून लोण्यात परतून घातल्या. चमचा दर वेळी धुऊन घेत होत्या, लेक शेजारी उभी राहून हसत होती.

शेजारच्या वहिनींचा वाटा मात्र मी आधीच, मटण चढायच्या अगोदर, त्यांच्याच पातेल्यात मशरूम घालून केला होता. होळीला त्यांच्या पुरणपोळ्या आल्या होत्या, डबा रिकामा कसा पाठवायचा? त्यासाठी चीज घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घेतला. इटलीचं अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या विरजणानं लावतात, ते शाकाहारी नाही. हे बऱ्याच शाकाहारी मंडळींना ठाऊक नसतं, म्हणून सांगून ठेवते.

पास्ता मात्र अजानच्या आधी उकळायचा नाही. थांबला की गोळा होतो. खजूर, पाणी, फळं, मगरीबची नमाज, आणि मग उकळत्या पाण्यात चारशे ग्रॅम. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला काढायचा, उरलेलं तो सॉसमध्ये शिजतो. दाताखाली किंचित लागला पाहिजे. असा पास्ता मऊ शिजवलेल्यापेक्षा रक्तातली साखरही सावकाश वाढवतो, म्हणून दादीअम्मींच्या बशीत पास्ता मोजका आणि मटण जास्त. पास्त्याचं पाणी ओतून देऊ नका. त्यातल्या पिठानं सॉस धरून राहतो, फाटत नाही. घट्ट वाटला की वाटीभर तेच पाणी.

लेकीनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी घाबरले. मग तिनं बशी दादीकडे सरकवून विचारलं, ''दादी, मिर्च बराबर है ना?'' डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. दादीअम्मी म्हणाल्या, ''मैंने चखा है. बराबर कैसे नहीं होगी!''

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला कॉलेजातून आले. दादीअम्मी स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून आदल्या रात्रीचा उरलेला पास्ता खात होत्या. आतल्या खोलीचा पडदा बाजूला सारलेला होता. मला बघून म्हणाल्या, ''दुल्हन, आज शाम को क्या पक रहा है? चार बजे आवाज दे देना.''