उभ्याची नोकरी
(लेखमाला : कामाच्या जागी – भाग सहावा)

गेल्या आठवड्यात ऑफिसांतल्या ‘वेलनेस’ची झाडाझडती घेतली. ध्यानाचं अ‍ॅप, शुक्रवारचा योगासनांचा तास, वर्षातून एकदा फुकट रक्ततपासणी. या आठवड्यात त्याहून कितीतरी स्वस्त आणि जुन्या वस्तूकडे वळू या. स्टुलाकडे.

लगीनसराईत साडीच्या एखाद्या मोठ्या शोरूममध्ये गेलात की गिऱ्हाइकाच्या बाजूला सगळा थाट असतो. एसी, सरबत, बसायला सोफा. काउंटरच्या पलीकडे मात्र कुणीच बसलेलं नसतं. साडी दाखवणारी मुलगी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत असते. एक सँडल काढून ठेवलेली, त्या मोकळ्या पायाने दुसरी पोटरी चोळत चोळत ती हसून म्हणते, “यातच अजून एक शेड दाखवते ना, ताई.” दुकान उघडल्यापासून शटर खाली येईपर्यंत ती उभी. गिऱ्हाईक असलं तरी उभी, नसलं तरी उभी. मागच्या रॅकला जरा टेकली तर सुपरवायझर काही बोलत नाही, नुसता बघतो. तेवढं पुरतं.

गंमत म्हणजे आपल्याकडची साडीची जुनी दुकानं बसूनच चालत. पांढऱ्याशुभ्र चादरीची गादी, मागे लोड, चपला बाहेर. विकणारा मांडी घालून, घेणारीही मांडी घालून. घड्या उलगडत जायच्या, ढीग वाढत जायचा आणि तासाभराने “ती पहिली दाखवली होती ना, तीच द्या”. तेव्हा सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. माळ्यावरून गठ्ठे काढणारा आणि चहा आणणारा पोऱ्या तेव्हाही पळतच असायचा. पण विकणारा बसलेला दिसला म्हणून गिऱ्हाइकाचा अपमान होतो, हे कुणाच्या गावी नव्हतं. काउंटर, काच आणि गुळगुळीत फरशी आली, तिच्याबरोबर ही समजूतही आत शिरली.

उभं राहण्याने शरीराचं नेमकं काय होतं, ते आधी पाहू. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू दर पावलाला आवळतात, सैल होतात आणि पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. शिरांमधल्या झडपा ते रक्त परत खाली येऊ देत नाहीत. एकाच जागी ताटकळत उभं राहिलं की पोटरीचा हा पंप जवळपास थंडावतो. रक्त पायांत साचतं, संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की झडपा ढिल्या पडण्याचा धोका वाढतो आणि निळसर, गाठाळ, वेड्यावाकड्या शिरा कातडीखाली दिसू लागतात. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. कंबर धरते ती वेगळीच. त्यात दुकानात संडासाची सोय नसेल, किंवा असूनही तिथे जायला विचारावं लागत असेल, तर बायका पाणी पिणंच कमी करतात. मग लघवीच्या जागेचा संसर्ग. वरच्या मजल्यावर मोफत आरोग्य शिबिर आणि खालच्या मजल्यावर हे, असं एकाच इमारतीत सुखाने नांदू शकतं.

या प्रश्नाला आपल्या देशात वाचा फोडली ती केरळातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी. कोळिकोडची मिठाई तेरुवू ही तिथली जुनी, गजबजलेली बाजारपेठ. विजी या तिथे शिवणकाम करायच्या. आजूबाजूच्या दुकानांतल्या बायकांना संडासासाठी जवळच्या हॉटेलांचा आधार घ्यावा लागे. विजी आणि त्यांच्या सहकारिणींनी ‘पेण्कूट्ट’ ही संघटना उभी केली ती आधी या मागणीवर. बसण्याची मागणी त्याच्या पाठोपाठ आली. दिवसभर बसू न देणं, भिंतीला टेकलं तरी पगार कापणं, सीसीटीव्हीवरून नजर ठेवणं, अशा तक्रारी होत्या. त्रिशूरमधल्या एका मोठ्या साडीच्या दुकानातल्या बायका २०१४ च्या अखेरीस संपावर बसल्या आणि शंभराहून अधिक दिवस बसून राहिल्या. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांसाठी बसण्याची व्यवस्था सक्तीची केली. त्याच वर्षी बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत विजी यांचं नाव आलं. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली.

हे सगळं नवीन वाटत असेल तर मागची पानं चाळावी लागतील. ब्रिटनमध्ये १८९९ सालीच कायदा झाला होता : दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे किमान एक आसन. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ४४ वं कलम हेच सांगत होतं, की उभ्याने काम कराव्या लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय हवी, म्हणजे कामाच्या ओघात उसंत मिळाली की त्यांना टेकता येईल. थोडक्यात, गिरणीत साडी विणणाऱ्याचे पाय कायद्याला स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षी दिसले. तीच साडी दुकानात दाखवणारीचे दिसायला आणखी सत्तर वर्षं गेली. दुकानदारी हे हलकं काम, एसीत उभं राहायचं तर आहे, असा आपला सगळ्यांचाच ग्रह असावा. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत (२०२०) उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण तिचा मुख्य भर दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर. चार मुलींच्या दुकानात मालकाची मर्जी हाच कायदा.

आणि इथेच खरी मेख आहे. स्टूल आणून ठेवणं सोपं असतं. तपासणीला अधिकारी आला की ते दिसतंही. पण त्यावर बसल्यावर कुणी भुवया उंचावणार असेल, पगारवाढीच्या वेळी ‘सुस्त आहे’ असा शेरा मिळणार असेल, तर त्या स्टुलावर साड्यांची खोकी रचली जातात. कर्मचाऱ्याचं स्वास्थ्य राखायचं म्हणजे सोय करायची, एवढंच बहुतेक मालकांना कळतं. त्या सोयीला मुभेची जोड लागते, हे कळायला जड जातं. कारण सोय खर्चाच्या खात्यात टाकता येते. मुभा द्यायची तर स्वतःची नजर बदलावी लागते.

ऑफिसवाल्यांनी यातून स्वतःला वगळू नये. तुम्हाला चांगली, पाठीला आधार देणारी खुर्ची आहे. तुमची गोष्ट उलटी आहे, तुम्हाला उठण्याची मुभा नाही. नावाच्या शेजारचा हिरवा ठिपका पिवळा झाला की जीव टांगणीला. रजा शिल्लक असते, ती मागताना घसा कोरडा पडतो. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याची तेव्हा थोडी थट्टाही झाली. पण १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, तेव्हाही मालकांना ते चोचलेच वाटले असणार. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं.

दुकानांपुरतं बोलायचं तर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला सल्लागार कंपनी नेमावी लागत नाही. काउंटरच्या उंचीला साजेसं उंच स्टूल घ्यावं, म्हणजे बसूनही गिऱ्हाइकाशी नजरेला नजर राहते आणि उठायला वेळ लागत नाही. बसण्याच्या पाळ्या ठरवून त्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. दर वेळी परवानगी मागावी लागली की मागणारी मागतच नाही. काउंटरमागे पायाखाली रबरी चटई टाकावी, कडक फरशीचा त्रास त्याने कमी होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅनेजरने स्वतः स्टुलावर बसून एक-दोन गिऱ्हाइकं करावीत, सगळ्यांदेखत. एवढ्याने निम्मी भीती जाते.

गिऱ्हाइकाकडेही थोडं काम आहे. विकणारी बसलेली दिसली की आपल्याला ‘सर्व्हिस’ खराब वाटते का, हे पाहायला हरकत नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमाराला, दुकान रिकामं असताना शिरलात, तर “बसा ना तुम्ही, मी बघते निवांत” असं म्हणून बघा. बहुतेक वेळा ती बसणार नाही. आधी कॅमेऱ्याकडे बघेल.

पुढच्या भागात पाळणाघर : कायद्यात ते कोणत्या कामाच्या जागी हवं आहे, प्रत्यक्षात कुठे सापडतं आणि मुलाला तिथे ठेवून कामाला बसलेल्या आईबापांना ते कितीला पडतं.