कुणबीण, वेठ आणि वतन : मराठी मुलखातील दास्यमुक्तीचा इतिहास

अठराव्या शतकात मराठी मुलखात माणसांची खरेदी-विक्री उघडपणे होत असे. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे दास स्त्रियांच्या, नोंदी जागोजागी सापडतात. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या, स्वाऱ्यांमध्ये धरून आणलेल्या किंवा बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या या स्त्रिया कोठ्या, पागा आणि सरदारांच्या वाड्यांत राबत. त्यांची किंमत ठरे, त्या बक्षीस म्हणून दिल्या जात आणि त्यांच्या मुलांवरही धनी हक्क सांगे.

ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता. हिंदुस्थानात १८४३ चा पाचवा कायदा आला, तेव्हापासून न्यायालयांनी माणसावरील मालकीचा दावा मानणे बंद केले. गुलाम ठेवणाऱ्याला शिक्षा मात्र त्यात नव्हती. १८६० च्या दंड संहितेने माणूस गुलाम म्हणून विकत घेणे व विकणे गुन्हा ठरवले. ती १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. सुटलेल्यांना जमीन, मजुरी किंवा निवारा देण्याची तरतूद यांपैकी कोणत्याही कायद्यात नव्हती.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेनेच रद्द झाली. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी तो अर्पण केला. विक्रीखत नसतानाही माणूस पिढ्यान्‌पिढ्या दास राहू शकतो, धर्माचा धाक आणि अज्ञान त्याला बांधून ठेवतात, हे फुल्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला.

फुल्यांनी दाखवलेल्या या दास्याचे एक ठळक रूप म्हणजे महार वतन. गावची हद्द राखणे, सरकारी टपाल व सारा पोचवणे, अधिकाऱ्यांचे ओझे वाहणे, मेलेली जनावरे ओढणे, परगावी मयताची खबर नेणे ही कामे महारांकडे असत. त्याबदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते मिळे. जमीन साऱ्या भाऊबंदांची सामाईक असल्याने पिढीगणिक वाटा घटत गेला, पण बोलावणे कोणत्याही वेळी, कोणालाही येई. नकार दिला की बलुते बंद होई. अपुऱ्या जमिनीच्या आशेने माणूस गावाला बांधलेला राही. जोडीला वेठ होती : अधिकारी फिरतीवर आला की गाडी, गवत, जळण आणि माणसांचे श्रम फुकट द्यावे लागत.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी या व्यवस्थेच्या मुळाशी हात घातला. १९१८ मध्ये त्यांनी महार वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या. त्यामुळे जमीन व्यक्तीच्या नावावर आली आणि तिच्यापोटी करावी लागणारी चाकरी संपली. गुन्हेगार ठरवलेल्या जातींची रोजची हजेरी त्याच वर्षी बंद झाली. तलाठ्याच्या जागांवर अस्पृश्यांच्या नेमणुका झाल्या. १९२० मध्ये वेठीवर बंदी आली. १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यासह हे हुकूम पाहिले, की त्यांमागचा विचार स्पष्ट होतो : हाताशी जमीन, नोकरी किंवा अक्षर असेल तरच माणूस फुकटच्या कामाला ठाम नकार देऊ शकतो.

इचलकरंजीजवळचे माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते. तेथे २१ व २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः हजर राहिले आणि तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. मुक्तीची मागणी येथे ज्यांना ती हवी होती त्यांच्याच तोंडून आली.

मुंबई इलाख्यात हीच लढाई लांबली. आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, पण ते पुढे मागे घ्यावे लागले. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने १९५० मध्ये वेठ निषिद्ध ठरली. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, म्हणजे कोल्हापूरच्या निर्णयानंतर चाळीस वर्षांनी.

कर्जापोटीची वेठबिगारी त्यानंतरही उरली. तिच्याविरुद्धचा लढा मात्र स्वातंत्र्याआधीच सुरू झाला होता. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जामुळे वारली जोडपी जमीनदाराकडे ‘लग्नगडी’ म्हणून राबत. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो नोंदला गेला आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द केले, कर्जापोटी हिरावलेली मालमत्ता परत देण्याची तरतूद केली आणि मुक्त मजुरांच्या पुनर्वसनाची जबाबदारी जिल्हा दंडाधिकाऱ्यावर टाकली. १८४३ च्या कायद्यात राहिलेली उणीव भरून काढण्याचे काम अशा रीतीने १३३ वर्षांनी देशाच्या कायद्यात आले. त्याचा लाभ वीटभट्टी, खाण किंवा शेतात अडकलेल्या मजुरापर्यंत पोचवायचा, तर अशा मजुरांचा शोध आणि सुटकेनंतर त्यांना कामाची व निवाऱ्याची हमी, या दोन्ही गोष्टी प्रशासनाने सतत केल्या पाहिजेत.