पाच नंबर म्हणजे नक्की किती?

मैत्रिणींनो, तुमच्या पायाचा नंबर किती, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो. पाच, सहा, फार तर सात. लग्नाआधीपासून पाठ असलेला आकडा. पण पाच म्हणजे पाच काय? इंच नव्हेत, सेंटिमीटर नव्हेत, बोटंही नव्हेत. दुकानात बसून चप्पल पायात घालून बघत होतो तोवर हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. नंबर चुकला तर दुकानदार "थांबा ताई, वरचा काढतो" म्हणून शिडीवर चढायचा. आता चप्पल मोबाईलमधून येते, आणि मोबाईलला शिडी नसते.

घरबसल्या खरेदी आता आमच्या बीड जिल्ह्यातल्या खेड्यांतही रुळली आहे. साडी मागवा, कुकर मागवा, फारसं काही बिघडत नाही. साडी साडेपाच मीटरची, ती चुकून चुकणार किती? ब्लाउज घट्ट झाला तर उसवता येतो. बुटाला मात्र ना उसवण, ना टीप. तो एक तर पायात जातो, नाही तर पलंगाखाली.

हे सगळं मला सांगावंसं वाटतंय ते एका मुलीमुळे. केज तालुक्यातल्या एका गावात आमचा बचत गट आहे. त्यातल्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईंची ही मुलगी. आईबाप दसरा झाला की कारखान्यावर जाणार, ही आजीजवळ राहून बारावी झाली, आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. आमच्याकडे पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्याला जा, अशी पोरं-पोरी धावताना दिसतील. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलींना आठशे मीटर धावायचं असतं आणि त्याला एकट्याला वीस गुण. २०२४ ची भरती जाहीर झाली तेव्हा हिच्या पायात भावाचे जुने कॅनव्हासचे बूट होते, टाचेला फाटलेले.

"काकू, बूट घ्यायचेत, पळायचे," म्हणून ती माझ्याकडे आली. आम्ही आधी दुकानंच पाहिली, बरं का! केजला पाहिली, अंबाजोगाईला पाहिली. लेडीजमध्ये लग्नाच्या सँडल हव्या तेवढ्या, खडेवाल्या, मोतीवाल्या. पळायचे बूट म्हटलं की दुकानदार जेन्ट्समधले दाखवायचा, आणि ते सहाच्या खाली नाहीत. बाईमाणूस पळतं हे दुकानांना अजून कळायचंय. मग मोबाईलवर बघितले. अकराशे रुपये, पैसे पार्सल आल्यावर द्यायचे. आईने उचलीतून बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले. अकराशे म्हणजे खुरपणीला गेलं तर चार दिवसांची मजुरी.

पार्सल गावात येत नाही. तालुक्याच्या गावी एका झेरॉक्सच्या दुकानात येऊन पडतं. तिथून फोन येतो, "या घेऊन." मायलेकी काळीपिवळीने गेल्या, पैसे दिले, मग डबा उघडला. आधी उघडू देत नाहीत. डब्यावर ठळक ५ लिहिलेला. आणि बुटात टाच काही बसेना.

कंपनीच्या मदत केंद्राला मीच फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये साइज फाइव्ह डिलिव्हर्ड असंच दाखवतंय." म्हणजे पाय खोटा, सिस्टीम खरी! शेवटी मी बुटाची जीभ उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत चिकटवलेलं होतं : यूएस ५, यूके ३.

इथे जरा थांबून हे नंबरांचं प्रकरण समजून घेऊ, कारण सगळी मेख इथंच आहे.

आपण जो पाच नंबर म्हणतो तो इंग्रजांचा. त्यांच्या मापात एका नंबराचा आणि पुढच्या नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. हा एक तृतीयांश इंच आला कुठून? सातूच्या दाण्यावरून! जुन्या काळी तिकडे तीन दाणे ओळीने ठेवले की एक इंच धरत. आपल्याकडे गहू-जवाने सोनं तोलायचे त्यातलाच प्रकार. त्यातही मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मोठ्यांचे पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे पाच नंबर बाळाचाही असतो आणि बाळाच्या आजीचाही. युरोपातलं माप आणखी वेगळं, तिथे आपला पाच म्हणजे साधारण अडतीस. आणि अमेरिकेत बायकांच्या बुटांचा आकडा इंग्लंडच्या आकड्यापेक्षा साधारण दोनाने जास्त. म्हणजे आपल्या पाचाला तिथे सात म्हणतात. विकणाऱ्याने अमेरिकेचा पाच नुसता 'पाच' म्हणून टाकला, की आपल्या दारात तीन नंबर येऊन उभा.

मी हे त्या मदत केंद्राला समजावून सांगितलं. तर ते म्हणाले, "मग दोन नंबर वरचा घ्या." हिशेब बरोबर होता. बदली मंजूर झाली. दहा-बारा दिवसांनी दुसरा जोड आला, सात नंबरचा. पण हा माल दुसऱ्या विक्रेत्याचा, आणि याचा सात मात्र इंग्लंडचा! पहिला पायात शिरेना, दुसरा पायातून निघून जातो. आजी म्हणाली, "ह्यात तर मपलं अन् तुपलं दोघींचंबी पाऊल मावंल माय."

मे संपत आला होता. दुसरा काही उपाय नाही म्हणून पोरगी दोन-दोन मोजे घालून, पुढे कापसाचा बोळा कोंबून धावायला लागली. चार दिवसांत अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. बूट ढिला असला की पाय आत पुढे-मागे सरकतो आणि धावताना नख पुढच्या भागावर आदळत राहतं. ती पुन्हा भावाच्या फाटक्या बुटांवर आली.

आता परत पाठवायचे म्हटलं, तर मोबाईलवर उत्तर : आपल्या पिनकोडवर वस्तू घेऊन जाण्याची सोय नाही, कृपया स्वतः पाठवावी. काय गंमत आहे पाहा. पैसे घेऊन वस्तू द्यायला पिनकोड चालतो, चुकीची वस्तू परत न्यायला चालत नाही. पुण्या-मुंबईच्या माझ्या बहिणी म्हणतात, "अगं, आम्ही तीन नंबर मागवतो, बसेल तो ठेवतो, बाकीचे माणूस येऊन घेऊन जातो." त्यांचं खरंच आहे. ही सगळी पद्धत त्यांच्या दाराशी बघूनच आखलेली आहे. इथे प्रत्येक चुकीला काळीपिवळीचं भाडं आणि एक खाडा.

अशा वेळी माणूस काय करतं? गूगलवर कंपनीचा दुसरा नंबर शोधतं. मुलीच्या भावाने तेच केलं. एक नंबर सापडला, तिकडून लगेच प्रेमळ आवाज : "रिफंड देतो, फक्त हे ॲप घ्या आणि आलेला ओटीपी सांगा." नशीब, त्याने आधी मला विचारलं. मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. शोधून सापडलेला नंबर बहुतेक वेळा चोराचाच असतो. आपल्याला पैसे परत मिळायला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. नंबर घ्यायचा तो ज्या ॲपवरून खरेदी केली त्याच ॲपच्या आतून. आणि कुणी फसलंच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

आम्ही मात्र १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे न्यायालय नव्हे, पण आपली तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात, क्रमांक देतात, आणि तो क्रमांक आला की कंपनीचा गोडवा जरा कमी होऊन काम सुरू होतं असा माझा अनुभव. आम्ही डब्याचा फोटो, जिभेवरच्या चिठ्ठीचा फोटो, बिल, सगळं जोडलं. मुलीचा पाय फूटपट्टीशेजारी ठेवून तोही फोटो काढला.

आपल्या हातात कायदा आहे, हे आपल्या बायकांना कुणी सांगतच नाही. ग्राहक चळवळ तर आपल्या महाराष्ट्रातच वाढली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांचा कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आता त्या जागी २०१९ चा कायदा आहे, आणि घरबसल्या खरेदीसाठी जुलै २०२० पासून वेगळे नियम आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीत दाखवलेल्यापेक्षा वेगळी वस्तू आली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येणार नाही. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याचं त्याने ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. एवढ्यावरही नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडला करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत करायची एवढंच. "अकराशे रुपयांसाठी कोर्ट?" असं घरातले पुरुष हसून म्हणतील. म्हणू द्या. अकराशे कुणाचे आहेत, त्यावर ते थोडे की फार हे ठरतं.

आमचं प्रकरण तिथवर गेलं नाही. हेल्पलाइनला फोन केल्यापासून तीन आठवड्यांनी पैसे आईच्या खात्यात आले. स्पीड पोस्टचे शंभरावर रुपये मात्र गेले ते गेलेच.

पण तोवर जून उजाडला होता. १९ जूनपासून राज्यात मैदानी चाचण्या सुरू झाल्या. पोरगी भावाच्या बुटांना टाचेला पट्टी चिकटवून धावली. लेखी परीक्षेच्या यादीत तिचं नाव आलं नाही. बुटांपायी राहिलं असं मी म्हणणार नाही, गोळाफेकीतही तिला गुण कमीच पडले. पण ऐन सरावाचे पाच आठवडे तिने पळण्याऐवजी पार्सलं नेण्या-आणण्यात घालवले, आणि त्याची भरपाई कुठल्या खात्यात जमा होत नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. नंबर बरोबर आला असता तरी बूट तिला चवड्यात आवळलाच असता. चेन्नईला केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. त्यांनी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले, यंत्राने, सर्व बाजूंनी. निष्कर्ष काय, तर आपला पाय युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा रुंद. तिकडच्या साच्यावर बेतलेला बूट आपल्याला अरुंद होतो, म्हणून आपण लांबीला मोठा घेतो. बायकांच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षी सगळ्यात वेगाने होते, असंही त्यात दिसलं. त्यावरून त्यांनी भारताची स्वतःची मापं सुचवली, नाव 'भा'. लहान-मोठे, बाई-पुरुष मिळून आठ गट. शिफारस सरकारकडे आणि पुढे भारतीय मानक ब्युरोकडे गेली.

मी हे गटाच्या बैठकीत सांगितलं, तर बायका एकमेकींच्या पायांकडे बघून हसत सुटल्या. जन्मभर अनवाणी नाही तर रबरी चपलेत चाललेले पाय, उसाच्या फडात खोडक्यांवरून डोक्यावर मोळी घेऊन फिरलेले. ते पसरणारच. एक जण म्हणाली, "म्हणजे पाय बरोबर हाय, चप्पलच चुकीची! अन् आजवर आमी पायालाच बोल लावीत आलो."

मग आम्ही तिथेच जुनी वर्तमानपत्रं पसरली. मापायची रीत सोपी आहे. दुपार उलटल्यावर मापायचं, कारण सकाळपेक्षा संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो. कागद भिंतीला लावून ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची, अंगाचा भार त्या पायावर द्यायचा. पेन्सिल उभी धरून सर्वात लांब बोटापुढे खूण करायची, आणि चवड्याच्या सर्वात रुंद जागी दोन्ही बाजूंना. दोन्ही पाय मापायचे, बहुतेकींचे सारखे नसतात. मोठा येईल तो धरायचा. हे सेंटिमीटर लिहून ठेवायचे आणि मागवताना नंबर न बघता त्याखालचा सेंटिमीटरचा तक्ता बघायचा. तक्ता नसेल तर ती वस्तू मागवूच नये, असं माझं मत. पैसे देण्याआधी उघडू देत नसतील, तर निदान डबा उघडताना कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला लावायचं, आणि बूट घरातच फरशीवर घालून बघायचे. तळाला माती लागली की परत घ्यायला कुरकुर सुरू.

त्या दिवशी सोळा जणींनी पाय मापले. सात जणींचे दोन पाय वेगवेगळे निघाले. त्या मुलीचा पाय भरला साडेतेवीस सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद. तो कागद घडी करून तिने भरतीच्या पुस्तकात ठेवला. पुढे दिवाळीआधी आई फडावर जायच्या आत आम्ही तिघी लातूरला गेलो. चौथ्या दुकानात बूट मिळाले, पळायचे, पायात घालून, दुकानासमोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून बघितलेले. साडेतेराशे पडले. दुकानदाराने नंबर सांगितला, पण तो आम्ही लक्षातच ठेवला नाही.