यादींतील निरुपयोगी नांवें

आजचा कोणताहि मोठा प्रोग्रॅम एकाच हातानें लिहिलेला नसतो. तारखांचें गणित करणें, फाइली वाचणें, घडामोडींची नोंद ठेवणें, अशा कामांसाठीं इतरांनीं लिहिलेल्या तयार लायब्रऱ्या उसन्या घेण्यांत येतात. जावा भाषेंत काम करणारे त्यांचीं नांवें एका यादींत लिहितात, आणि मेव्हन नांवाचें साधन ती यादी वाचून त्या आणून देतें. प्रत्येक लायब्ररी स्वतःस लागणाऱ्या लायब्रऱ्याहि बरोबर आणते. वाण्याकडे दर महिन्यास जुनीच यादी धाडली, तर मुलाचा ताप गेल्यावरहि साबूदाणा येतच राहतो. तद्वत् काम संपलें तरी लायब्ररीचें नांव यादींत राहून जातें.

त्यानें बिघडतें काय? डिसेंबर २०२१ मध्यें लॉग-फोर-जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररींत गंभीर दोष उघडकीस आला. नोंदींत विशिष्ट मजकूर शिरला कीं ती दूरच्या यंत्रावरील परकी संहिता आणून चालवूं शके. ही लायब्ररी आपल्याकडे आहे काय, याचा शोध जगभर सुरू झाला. अशा वेळीं यादींतील प्रत्येक निरुपयोगी नांव म्हणजे तपासावयाचें आणखी एक दार होय.

हीं नांवें हुडकण्यासाठीं मेव्हनमध्यें ‘डिपेंडन्सी अ‍ॅनालाइज’ ही आज्ञा आहे. ती प्रोग्रॅमचें कंपायलरनें सिद्ध केलेलें रूप, म्हणजे बाइटकोड, यादीशीं ताडून पाहते आणि दोन प्रकार दाखविते: यादींत असून न वापरलेल्या लायब्रऱ्या, आणि वापरांत असून यादींत नसलेल्या, म्हणजे दुसरीच्या आश्रयानें आलेल्या. आश्रय देणारी काढली, तर आश्रितहि जाते. म्हणून दुसऱ्या प्रकारचीं नांवें आधीं यादींत लिहावीं, मगच पहिल्यांस हात घालावा.

तथापि हा निर्णय अखेरचा नव्हे. डेटाबेसशीं बोलणारा ड्रायव्हर पुष्कळदां प्रोग्रॅम चालूं असतां केवळ नांवानें बोलाविला जातो. बाइटकोडांत त्याची खूण सांपडत नाहीं. लायब्ररींतून एखादी ठराविक संख्याच घेतली असेल, तर कंपायलर ती उतरून घेतो व लायब्ररीचें नांव मागें उरत नाहीं. अशा उपयोगी लायब्रऱ्याहि निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. पहिली काढल्यास प्रोग्रॅम चालतांना अडतो. दुसरी काढल्यास तो पुन्हां बांधतांच येत नाहीं.

यास्तव एका वेळीं एकच नांव काढावें, प्रोग्रॅम नव्यानें बांधावा, त्याच्या सर्व चांचण्या घ्याव्या, आणि प्रत्यक्ष डेटाबेस जोडून तो चालवून पाहावा. यंत्र संशय दाखवितें. त्याची शहानिशा माणसानेंच करावयाची असते.